राखणीचा बोकड

नजमुद्दीनने बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ उचलून दात पाहिले आणि दावं बाबाजीच्या हातात परत दिलं.

"जनावर चांगला हाय," तो म्हणाला. "पन औंदा मी येनार न्हाय बाबाजी. दुसरा कुनी बगा."

बाबाजी हसला. गावकीचा म्होरक्या तो. राखणीच्या दोन दिवस आधी बोकड मुलाण्याच्या अंगणात आणून दाखवायचा, ही त्याच्या बापापासूनची रीत. मुलाण्याने आढेवेढे घ्यायचे, मग चहा व्हायचा, हीही रीतच. त्यामुळे चहाची वाट बघत तो ओटीच्या पायरीवर बसला. नजमुद्दीन आत जाईना, तेव्हा कुठे त्याचं हसू मावळलं.

"का रं?"

"हात कापतो आताशा."

बाबाजीने त्याच्या हाताकडे पाहिलं. हात गुडघ्यावर स्वस्थ पडला होता. पासष्टीच्या नजमुद्दीनचा हात गवंड्याच्या ओळंब्याइतका स्थिर होता, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

काशीदच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत ती वाडी होती. वस्ती कुणब्यांची, देव बहिरी, आणि सुरी मुलाण्याची. भातझोडणी आटोपली की देवाला राखण द्यायची, म्हणजे देव वर्षभर वाडी राखतो. पण नजमुद्दीनने अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय त्या मटणाला कुणी हात लावत नसे. तसं कापलेलं नसेल तर ते मुर्दाड, इतकं साधं होतं ते. आजे-पणजे तसंच करत आले. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. वावगं वाटायला बाहेरून कुणीतरी यावं लागतं.

तसा नजमुद्दीनचा मुलगा अब्दुस्समद आला होता. मुंबईच्या गोदीत कारकून होता तो. चार दिवसांपूर्वी रेवसला लाँचमधून उतरून बायकापोरांसकट घरी आला आणि दुसऱ्याच सकाळी बापासमोर बसला.

"बावा, त्या दगडासमोर जनावर कापता तुम्ही. त्याच्या नावचं जनावर. अल्लाचं नाव तोंडानं घेता, पण देता कुणाला? हे शिर्क आहे, अल्लाच्या जोडीला दुसरा देव मानणं. याला माफी नाही."

"माजा बाप कापायचा. तो काय दोजखात गेला?"

अब्दुस्समदने दुसरंच सांगितलं. या वर्षी बावा गेले तर तो पोरांना घेऊन परत या घरात पाऊल टाकणार नाही. पोरांनी त्या हातचं खाऊ नये.

पोरं दोन. धाकटी गुलबानू सहा वर्षांची, आल्यापासून आज्याच्या पाठीला चिकटून होती. बायको गेल्यावर नऊ वर्षं नजमुद्दीनने या घरात एकट्याने चूल पेटवली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? शिवाय त्याला वाद घालायचा कंटाळा आला होता. मुलगा शिकलेला, मुलगा किताबातलं बोलतो, खरंही असेल. "न्हाय जात," तो म्हणाला होता. "देवाच्या बोकडाला सुरी लावनार न्हाय. झाला?"

बाबाजी पायरीवरून उठला. "पोरानं सांगितलं न्हवं?"

नजमुद्दीनने दाराआडून बघणाऱ्या नातीला आत पिटाळलं.

"आमचा पोरगा बाळाजीबी मुंबईसनं आलाय. तो म्हनतो, आपल्या देवाला मुलानी कशापाय? आपुन कापू." बाबाजीने दावं मनगटाला गुंडाळलं. "दोगं एकाच शाळंत शिकतान का काय, कोन जाने."

त्याने आसपासच्या चार गावांत माणूस पाठवला. एका गावचा मुलाणी आफ्रिकेला गेला होता, एकाने सुरी टाकून किराणा मालाचं दुकान घातलं होतं, आणि उरलेल्यांनी हात वर केले.

राखणीच्या दिवशी सकाळपासून देवळाकडे ढोल-सनईचा खालूबाजा वाजत होता. नजमुद्दीन मागल्या अंगणात जाळं विणत बसला. गुलबानू त्याला दोरा पुरवत होती. त्याचे कान मात्र तिकडे होते. आता गाऱ्हाणं झालं असेल. आता बोकडाला पाणी पाजलं असेल. मग वाजप थांबलं.

हे थांबणं त्याचं होतं. चाळीस वर्षं ते त्याच्यासाठी थांबत आलं होतं. तो पुढे व्हायचा, कलमा बोलायचा, सुरी फिरायची आणि पुन्हा ढोल कडाडायचा. त्याने जाळ्याचे चार डोळे विणले. ढोल वाजेना. आणखी चार विणले. मग त्याने जाळं खाली ठेवलं, नातीला घरात पाठवलं आणि वहाणा न घालताच निघाला. नुसतं बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. तसं बघण्याची बंदी मुलाने घातली नव्हती.

देवळामागच्या किंजळीच्या झाडाआड तो उभा राहिला. सगळी वाडी मुकाट उभी होती. बाळाजी कोयता घेऊन पुढे सरसावला होता, पण म्हाताऱ्यांनी त्याला अडवलं होतं. शेवटी येसाजी गुरवाने सुरी मागून घेतली. येसाजी पन्नाशीचा, बहिरीला रोज पाणी घालणारा, भित्रा माणूस. जन्मात त्याने कोंबडीसुद्धा कापली नव्हती.

येसाजीने चूळ भरली. खांद्यावरचा पंचा काढून डोक्याला गुंडाळला. मग बोकडाला धरून त्याने त्याचं तोंड देवाकडून फिरवलं आणि समुद्राकडे, मावळतीला केलं. तोंड फिरवायची ती नजमुद्दीनची रीत होती, किबल्याकडे, मक्केच्या दिशेला. गुरवाला किबला कुठला माहीत? त्याने लहानपणापासून पाहिलं होतं, बोकड समुद्राकडे बघतो, बस्स.

"बिसमिल्ला अल्ला हू अकबर," येसाजी म्हणाला. उच्चार ओबडधोबड होता, पण शब्द सगळे होते. सुरी धरताना त्याने करंगळी ताठ वर काढली होती.

नजमुद्दीनने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. तरणा असताना पडावाच्या शिडाच्या दोरात सापडून ती मोडली होती, तेव्हापासून वाकतच नव्हती. येसाजीला वाटलं, तोही विधीच. बोकड कापायचा तर करंगळी वर हवी. नजमुद्दीनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. असा गाढवासारखा आपण का रडतोय, तेही त्याला कळेना.

ढोल वाजला. मटण शिजलं. बाया भात उपसू लागल्या. पंगत बसली, पत्रावळींवर वाढून झालं, आणि कुणीच हात घालीना. बाळाजी आणि त्याच्या बरोबरीचे चार-पाच जण तेवढे जेवू लागले. बाकीचे एकमेकांकडे बघत बसले.

आवडाबाईने त्याला झाडाआड पाहिलं ते तेव्हाच. ती वाडीतली सगळ्यात म्हातारी. मानाच्या घरची असल्याने नैवेद्याची पाटी तिच्या डोक्यावरून यायची.

"नजमू, तिकडं भुतावानी काय उबा ऱ्हायलास? हिकडं ये."

तो आला. सगळ्यांच्या माना वळल्या. येसाजी तर चोरी पकडल्यासारखा उभा होता.

"तुजं शब्द येसानं बोलले. मी आयकलं, समदं बोलला तो. आता तू सांग, ह्ये चालंल का न्हाय चालनार?"

नजमुद्दीनला माहीत होतं मुलगा काय सांगेल. गुरवाने कापलेलं, देवासमोर कापलेलं. किताब उघडायचीसुद्धा गरज नव्हती. पण मग त्याच्या मनात आलं, आपल्याला तरी ते शब्द कुणी दिले? बापाने. सात वर्षांचा असताना, एक थप्पड मारून. "मानं काय बावा?" असा अर्थ विचारल्यावर बाप म्हणाला होता, आधी पाठ कर, मानं मागनं बगू. ते मागून कधी आलंच नाही. येसाजीने थप्पड न खाता पाठ केलं, एवढाच काय तो फरक. आणि समोर हे साठ-सत्तर लोक, भात निवत चाललेला. त्याला फार थकल्यासारखं झालं.

"चालंल," तो म्हणाला.

पंगतीने श्वास सोडला. बाबाजीने तर घास उचललासुद्धा.

"थांब बाबाजी," आवडाबाई म्हणाली. "नजमू, मंग पयला घास तू घे."

त्यात कपट नव्हतं. तिला खरोखर खात्री करून घ्यायची होती. पंगतीपासून जरा बाजूला, चिऱ्याच्या कट्ट्यावर, त्याला पत्रावळ मांडली गेली. दरवर्षी तो आपला वाटा कच्चा घरी न्यायचा, इथे कधी जेवला नव्हता. तो बसला. नकार देणं हा खोटेपणा झाला असता, आणि आता घरी काय होईल याचा विचार करायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने भातात रस्सा कालवला, फोडीचा घास केला. "बिस्मिल्ला," तो पुटपुटला आणि घास तोंडात घातला.

मटण मऊ शिजलं होतं. आवडाबाईच्या घरचा मसाला होता. त्याने चावलं, पुन्हा चावलं. घास गिळेना. त्याने पाण्याचा घोट घेतला, तरी घास तिथेच. घसा बंद झाला होता. दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. पासष्ट वर्षांत मुसलमानाने न कापलेल्या जनावराचा तुकडा त्या घशाखाली उतरला नव्हता, आणि तोंडाने चालंल म्हटलं म्हणून तो आज ऐकणार नव्हता. सगळी पंगत बघत होती.

आवडाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत त्याच्याजवळ आली आणि पदराने लोकांची नजर अडवली.

"थुक," ती हळूच म्हणाली.

तो थुंकला.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तू घेतलास तवाच मीबी घेतला, तोंडात धरून बसलेव. माजाबी न्हाय जात."

तिने स्वतःच्या तोंडातला घास पदराआड काढला आणि लांब टाकला. मग मोठ्याने हाक मारली, "ए ठमी, हिकडं नुसता भात आन, आनि कोकमाचा सार."

ठमी भात घेऊन आली. आवडाबाई कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली आणि दोघं जेवली. पंगतीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांनी पत्रावळीवरचं मटण बाजूला सारून सारच मागितलं. बाळाजी आणि त्याचे मित्र पोटभर जेवले आणि फार छान झालंय म्हणाले. येसाजीने त्या दिवशी काहीच खाल्लं नाही.

उतरत्या उन्हात नजमुद्दीन घराकडे निघाला, तर बांधावरून अब्दुस्समद समोर आला. गुलबानूने सांगितलं असणार. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बावा, सुरी लावलीत?"

"न्हाय."

"त्यांच्यात जेवलात?"

"भात. नि सार."

"मटण?"

"न्हाय गेला घशाखाली."

अब्दुस्समदने डोळे मिटले. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने बापाचा हात हातात घेतला. "अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला. "इमान जागं आहे बावा तुमचं. मी म्हणत नव्हतो?"

नजमुद्दीनचे पाय दुखत होते. घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच त्याला वाटत होतं.

"आवडाबाईचाबी न्हाय गेला," तो म्हणाला, आणि हात सोडवून बांधावरून पुढे चालू लागला.