उंचीचा रकाना

"नाही म्हणजे नाही! आणखी सहा महिने सुई चालूच ठेवायची," मिग्यंगने नवऱ्याला, ग्वांगहोला, निक्षून सांगितलं.

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, मुलांच्या वाढीच्या त्या दवाखान्यात वर्षभर हेच चाललं होतं. उंची वाढावी म्हणून त्यांची दहा वर्षांची दाउन रोज पोटावर हार्मोनची सुई घ्यायची. आता शर्ट वर करताना ती रडतसुद्धा नसे, आणि ग्वांगहोला त्याचंच जास्त वाईट वाटे. महिन्याभरापासून तिचे गुडघे दुखत होते. दिवसभर शहरबस चालवताना त्याचं डोकं याच एका गोष्टीने भणभणत असे.

"डॉक्टर, एकदाच काय ते सांगा," तो आज वैतागून म्हणाला. "यात फायदा आहे की धोका?"

"फायदा झाला तर तीन-चार सेंटीमीटर. सांधे, रक्तातली साखर यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. निरोगी मुलांना वीस वर्षांनी काय होईल, ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही!"

"दाउनचे बाबा, आवाज खाली," मिग्यंग कुजबुजली. "वर्गात तिला शेंगदाणा म्हणतात. ऐकलंय कधी तुम्ही?"

ऐकलं होतं. शाळेपासून बस डेपोपर्यंत त्याने स्वतःबद्दलही तेच नाव ऐकलं होतं.

डॉक्टरांनी फाईल उघडली. "हे बघा. आई एकशे अठ्ठावन्न, बाबा एकशे अडुसष्ट. त्या हिशेबाने मुलगी एकशे छप्पनच्या पुढे जायला हवी. हाडांच्या फोटोवरून एकशे बावन्नच दिसतात. म्हणून तर सुई सुरू केली."

एकशे अडुसष्ट! तो रकाना ग्वांगहोनेच भरला होता. लग्न जुळवणाऱ्या बाईंना जो आकडा सांगितला, तोच त्याने इथेही बिनदिक्कत लिहिला होता. घरात अनवाणी वावरताना मिग्यंगला फरक दिसतच असणार. पण तिने आकडा कधी विचारला नाही. लाज आपली, आणि सुया पोरीला! त्याला स्वतःचीच चीड आली.

त्याने बूट काढले. आत टाचेखाली जाड गाद्या होत्या. कुणाकडे न बघता तो मोजपट्टीखाली जाऊन उभा राहिला.

"मोजा, सिस्टर."

"एकशे एकसष्ट," नर्स म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा आकडेमोड केली. "मग एकशे त्रेपन्न येतात. मुलगी तिच्या मानाने ठीक वाढतेय की."

"म्हणजे सुई बंद?" ग्वांगहोने आशेने बायकोकडे पाहिलं.

मिग्यंगने त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "एकसष्टच ना? मग तर जास्तच गरज आहे. लिहून द्या, डॉक्टर."

निघताना त्याने गाद्या तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. त्यांच्या मापाने शिवलेली पँट आता जमिनीवर लोळत होती. औषधाची थंड पिशवी घेऊन मिग्यंग लिफ्टपाशी पोचलीसुद्धा.

"बाबा, थांबा. पाय अडकेल," बाहेर थांबलेली दाउन म्हणाली. ती दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली आणि तिने त्याच्या पँटचे दोन्ही पाय नीट दुमडून दिले.