पिकदाणीची साक्ष

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! वसईच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले आणि खाडीकाठच्या एका शेतकरी घरात मी बायजाच्या वाट्याला आले. बायजा रोज सकाळी मशेरी लावायची आणि माझ्यातच थुंकायची. अंगणातसुद्धा ती कधी थुंकली नाही. सणाला चिंच लावून मला घासायची, तेव्हा पाहुणेही माझे कौतुक करत.

पुढे तिचा मुलगा भूपेश मनवेलपाड्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. बायजाबरोबर मीही आले. सून रचनाला माझी लाज वाटे. कोणी आले की ती मला ओट्याखाली, सिलिंडरमागे ढकलायची. मला फार वाईट वाटायचे.

त्या वर्षी जिन्यात लाल पिचकाऱ्या वाढल्या. पालिकेचा दंड तर आधीपासून होताच, त्यावर सोसायटीने आपला नियम चढवला. थुंकणारा मालक असेल तर पाच हजार दंड, भाडेकरू असेल तर महिन्याभरात घर रिकामे!

एका रविवारी आमच्याच दारासमोरच्या भिंतीवर ताजा डाग सापडला. सेक्रेटरी श्रीरंग कमिटीला घेऊन आले. रचनाने घाईने मला दडवले. मी तिथूनच सगळे ऐकत होते.

"आजी, बिल्डिंगमध्ये तंबाखूवाल्या तुम्ही एकट्याच. रूल सगळ्यांना सेम आहे," श्रीरंग म्हणाले.

खजिनदार प्रत्येक वाक्याला नुसते "हं, हं" करत होते.

"मी जिन्यात थुकले नाय," बायजा म्हणाली. "रचना, माझी पिकदानी आन."

"नको आणूस!" भूपेश घाबरून म्हणाला. "त्यांना आयता पुरावा मिळेल. आई, माफी माग. पोरांची शाळा आहे इथे."

रचना ओट्यापाशी आली. तिचा हात माझ्या काठावर थांबला. आता ही मला आणखी मागे ढकलणार, असेच मला वाटले. पण तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि तशीच, न धुता, सगळ्यांसमोर नेले.

बायजाने झाकण काढले. "बघ. मशेरी काली. भितीवरचा डाग लाल हाय."

सगळ्यांनी माझ्यात पाहिले, मग भिंतीकडे, मग एकमेकांच्या तोंडाकडे. खजिनदारांचे "हं, हं" थांबले होते. त्यांचा डावा गाल फुगलेला होता. त्यांना धड बोलता येईना, धड गिळता येईना.

बायजाने मला त्यांच्या हनुवटीखाली धरले.

"थुक बाबा यात. जिना नको."

आणि ते थुंकले. लालभडक!

खजिनदारांना स्वतःच्याच नावाची पावती फाडावी लागली. आमचे घर राहिले. त्याच दुपारी रचनाने मला चिंच लावून लखलखीत घासले, आणि आता ती मला लपवत नाही.

मित्रांनो, नियम कडक हवेतच. जिना म्हणजे काही कुणाची मोरी नव्हे. पण एखाद्याचे घर उठवण्याआधी डागाचा रंग तरी बघा. आणि मला घासायला सणाची वाट पाहू नका. इतकी वर्षे मी माणसांची घाण पोटात घेतली, बाहेर कुठे सांडू दिली नाही.