ओढ्यापलीकडचे दगड

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कोयनेच्या जलाशयाचा तळ तपासायचं काम एका खाजगी कंपनीला मिळालं. गाळाखाली टणक खडक कुठं आहे, याचा नकाशा हवा होता. बोटीमागून ओढलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडी आणि तळावरून परतलेल्या आवाजाचं चित्र बोटीतल्या कागदावर उमटे. ते वाचायचं काम कपिल कांबळेचं. तुकडीचे प्रमुख मानसिंग, फौजेतून निवृत्त झालेले. दोघांचं मूळ गाव तांबवाडी, याच पाण्याखालचं. मानसिंग तिथं वाढले होते. कपिल जन्मला तो सांगली जिल्ह्यातल्या पुनर्वसन वसाहतीत.

बोट तांबवाडीवर आली. कागदावर चौकोनी सावली उमटली तसे मानसिंग उठले. देऊळ त्यांनी लगेच ओळखलं. मागची रांग त्यांच्या भावकीच्या घरांची. दोन्ही नकाशावर घ्यायला त्यांनी सांगितलं, कपिलने घेतली.

मग ओढ्याची खाच लागली, आणि पलीकडं दगडांचे ढीग, एका ओळीत. अशाच ओळीतल्या घरांबद्दल कपिलचा बाप केरू त्याला लहानपणापासून सांगे. कपिल म्हणाला, ही आमची वस्ती.

मानसिंग म्हणाले, जुन्या नकाशात तिथं वस्ती नाही, उतारावरून घसरलेले दगड म्हणून लिही.

"साहेब, ओढ्यापलीकडं कोण राहायचं, तुम्हाला ठाऊक आहे."

"हा खडकांचा नकाशा आहे. जात बोटीवर आणू नकोस."

"मी आणली? तुमचं देऊळ काय खडक आहे? आमचीच घरं तेवढी घसरली?"

त्याने पेन्सिल टाकली. लिहिणार नाही म्हणाला. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

घरी आल्यावर कपिलने सगळं बापाला सांगितलं. 'घसरलेले' म्हटल्यावर केरू ताडकन उठला.

"घसरलं? धरण झालं तवा ह्या हातानं पाडली ती घरं. वासं न्ह्यायला गाडी दिली न्हाई आमाला. चल, त्या मान्याम्होरं हुबा कर मला."

दुसऱ्या दिवशी दोघं कोयनानगरला पोचले. मानसिंग विश्रामगृहात होते, भेटायला आले नाहीत. केरू फाटकाशी उभा राहिला आणि ओढ्याकडून सुरुवात करून एकेका घराच्या मालकाचं नाव मोठ्यानं घेऊ लागला. जोतिबा. कोंडीबा. कोंडीबाचा धाकटा भाऊ. पहारेकऱ्याने दंडाला धरून त्याला रस्त्यावर आणून सोडलं.

परतीच्या वाटेवर कराडच्या स्टँडवर एस्टीतून उतरल्यावर केरू म्हणाला, "बनुबाईचं घर ऱ्हायलं."

"राहू दे, आबा."

"ऱ्हाऊ दे कसं? माघारी चल."

ते माघारी गेले. या वेळी मानसिंग ओसरीवर बसले होते. केरूने पहिल्यापासून सगळी नावं पुन्हा घेतली, बनुबाईचंही. नावं पुरी व्हायच्या आत मानसिंग उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पावसाळ्यानंतर नकाशा छापून आला. त्यात देऊळ होतं, देवळामागची जुनी वस्ती होती, आणि ओढ्यापलीकडं लिहिलं होतं, घसरलेले दगड.