कुलपाचा मालक

नोकरीच्या पहिल्या दिवशी माणसाला काय काय मिळतं? हेल्मेट, बूट, कानांवर चढवायचे जाड मफ, एक लाल कुलूप आणि भरायला एक फॉर्म. मशीनमननं पहिल्या चार वस्तू सही करून घेतल्या आणि फॉर्मवर त्याचं घोडं अडलं.

मशीनमन हे नाव छापखान्यातलं. तिथं त्यानं एकोणतीस वर्षं यंत्र चालवलं. छापखान्याला टाळं लागलं आणि बावन्नाव्या वर्षी हा गडी गॅसच्या कारखान्यात नवा कामगार म्हणून रुजू झाला. जमिनीतून आलेला गॅस इथं साफ करून, दाबून मोठ्या नळातून पुढं पाठवतात. फॉर्मचा शेवटचा रकाना होता, आणीबाणीत कुणाला कळवायचं.

बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. उरली एक मुलगी, आणि तिच्याशी चार महिन्यांपूर्वी वाजलं होतं.

"या वयात गॅसच्या कारखान्यात? काही नको. आमच्याकडे येऊन राहा," ती म्हणाली होती.

"जावयाच्या घरी बसून खाण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही," हा म्हणाला होता.

तिनं फोन आपटला. ह्यानं गाशा गुंडाळला, फोनचा नंबर बदलला आणि पत्ता न कळवताच निघून आला. दोघंही एकाच हट्टाची, तेव्हा आपण होऊन फोन कसा करायचा हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. रकाना रिकामा ठेवला तर कारकून फॉर्म घेईना, मागं रांग खोळंबलेली. मशीनमननं मुकाट्यानं स्वतःचाच नंबर लिहून टाकला. कारकुनानं त्याच्यावर शिक्का मारला.

इथं कुणी वाईट वागलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. पण सगळे कसे सभ्य! "या काका," म्हणत, वाट सोडत आणि आपापल्या टोळक्यात जाऊन बसत. तिसऱ्या दिवशी तो कँटीनमध्ये एका टेबलाशी जाऊन बसला, तर चाललेला विनोद अर्ध्यावर थांबला आणि पाच पोरं शहाण्यासारखी खाली बघून जेवू लागली. त्या दिवसापासून तो पंपघराच्या मागं, उलट्या पिंपावर बसून डबा खायचा. कानांवरचे मफ तिथंही काढायचा नाही. मफ असले की आपल्याशी कुणी बोलत नाही याला निदान कारण तरी असतं. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर गेला की रेडिओवरच्या बाईला तो उत्तरं देई. ती बिचारी त्याचं बोलणं कधी मधेच तोडत नसे.

विसाव्या दिवशी मोठा कॉम्प्रेसर बंद करून, त्याच्या टाकीत उतरून गाळणी बदलायची होती. अशा कामाची इथं एक पद्धत आहे. यंत्र बंद केलं की त्याच्या चाव्या एका लोखंडी पेटीत जातात आणि कामावरचा प्रत्येक जण त्या पेटीला आपलं कुलूप लावतो. काम संपलं की ज्यानं त्यानं आपलं काढायचं. एक जरी उरलं तरी माणूस आत आहे असं धरायचं आणि यंत्राला हात लावायचा नाही. किल्ली मालकाच्याच गळ्यात. कुलूप तोडायचंच झालं तर आधी मालक डोळ्यांना दिसला पाहिजे.

काम जेवणाच्या वेळेआधी आटोपलं. पेटीभोवती पोरांची झुंबड उडाली. त्यांच्यात घुसायला मशीनमनला संकोच वाटला. जाऊ देत यांना, मग काढू, म्हणून तो बाजूला उभा राहिला. तेवढ्यात भोंगा झाला, पाय सवयीनं पंपघराकडे वळले आणि कुलूप राहिलं ते राहिलंच.

घास तोंडात असतानाच कुणीतरी त्याचे मफ खसकन ओढून काढले. समोर कँटीनमधल्या त्या पाच पोरांपैकी एक, वेल्डर, उभा होता, घामानं निथळत, डोळ्यांत पाणी.

"सापडले! काका सापडले!" तो मागं वळून ओरडला. मग याच्याकडे वळून म्हणाला, "अहो, किती हाका मारल्या! आम्हाला वाटलं तुम्ही आतच राहिलात."

चाळीस माणसं अर्धा तास आपल्याला शोधत होती, हे कळल्यावर मशीनमनला आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की डबा झाकायचंही त्याला सुचेना.

कुलूप काढून तो शिफ्टच्या साहेबबाईंपुढं उभा राहिला. बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या.

"दोन पोरं मास्क लावून टाकीत उतरली होती, काका. तुम्हाला शोधायला."

"चुकलं माझं. नोकरी गेली का?"

"ते नंतर बघू." त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. "तुमच्या घरी कळवावं म्हणून मी हा नंबर लावला, तर फोन तुमच्याच कपाटात वाजायला लागला. आम्ही सगळे तिथं उभे राहून ऐकत होतो. कुणीच नाही का तुम्हाला?"

नाही म्हणावं तर मुलगी धडधाकट आहे. आहे म्हणावं तर कुठल्या तोंडानं?

"मुलगी आहे," तो शेवटी म्हणाला.

"नंबर सांगा."

"ती उचलायची नाही."

"उचलते की नाही ते आत्ताच बघू. न उचलणाऱ्याचा नंबर मी फॉर्मवर घेणार नाही."

नंबर त्याला तोंडपाठ होता. चार महिने रोज मनात फिरवलेला. बाईंनी ऑफिसच्या फोनवरून लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"हॅलो, कोण?" मुलीचा आवाज आला.

मशीनमननं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पलीकडून पुन्हा "कोण बोलतंय?" झालं. ती आता फोन ठेवणार, असं दिसताच बाईंनी रिसीव्हर काढून घेतला.

"मी कारखान्यातून बोलतेय. तुमचे वडील इथं आमच्याकडे आहेत. सुखरूप आहेत. तुम्हाला कळवायचं होतं."

पलीकडून आवाज इतका मोठा आला की मशीनमनला लांबूनही ऐकू आला.

"इथं म्हणजे कुठं? अहो, चार महिने शोधतेय मी त्यांना!"