पहिल्या घासाआधी

सरस्वतीला सकाळपासून एकच घोर लागला होता, आपल्या उजव्या हाताचा.

एरवी ही बाई कोणाच्या बापाला भिणारी नव्हे. हरमलला टुरिस्टांना खोल्या भाड्याने देऊन तिने मुलीला शिकवलं, नोकरीला लावलं. पण आज डिचोलीहून कमलाक्षीआजी जेवायला येणार होती. आजीचा नातू प्रथमेश आणि सरस्वतीची सुविधा यांचं पेडण्याच्या बँकेत जुळलं होतं. मुलाचे आईबाप राजी होते, पण त्या घरात आजीच्या होकाराशिवाय पान हलत नाही. आणि आजीने आधीच ऐकवलं होतं, "हरमलची पोर? गोऱ्यांच्या गर्दीत वाढलेली? त्यांच्याकडे जेवून बघते, मग सांगते." जेवून बघते म्हणे! जेवणात काय कळतं, ते आजीलाच ठाऊक.

तर हाताचं असं. सरस्वती लहानपणी म्हापशाला सिस्टरांच्या शाळेत होती, बोर्डिंगात. तिथे घासाआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेआधी कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवायचा. हिंदू मुलींना कोणी सक्ती केली नव्हती. पण सगळ्या करतात तर आपणही करू, असं करता करता ते अंगात मुरलं. शाळा सुटली, लग्न झालं, मुलगी त्याच शाळेत शिकून आली, तरी पान समोर आलं की सरस्वतीचा हात आपसूक कपाळाकडे जायचा. नवरा सुदेश हसायचा. म्हणायचा, "देव्हाऱ्यात गणपती, पानावर येशू. आमचं घर दोघांनी सांभाळलंय."

पण डिचोलीची आजी कडक सोवळ्याची. तिच्यासमोर असं झालं तर? सरस्वतीने ठरवूनच टाकलं, आपण नुसतं वाढत राहायचं, जेवायला बसायचंच नाही.

आजी प्रथमेशला घेऊन आली. ताठ, मोजकं बोलणारी. जेवण शिवराक, म्हणजे शुद्ध शाकाहारी होतं, कांदासुद्धा नाही. खतखतं, मुगागाठी, सोलकढी. पानं वाढली तशी आजी सरस्वतीला म्हणाली, "तू पण बस गो. तुझं चेडू वाढेल."

आता नाही म्हणणार कशी? सरस्वती बसली आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरला. सुदेशने पानाभोवती पाणी फिरवलं.

"तिरफळांचा वास बरा येतोय," आजी म्हणाली.

एवढ्याशा कौतुकाने सरस्वतीचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच पकड सुटली. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. झालं.

सुविधा वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. सरस्वतीला वाटलं, पोरीच्या सुखात आपण आपल्याच हाताने माती कालवली.

"कुठल्या सिस्टरकडे होतीस?" आजीने विचारलं.

"सिस्टर अनुन्सियाता. आमच्या वेळी त्या हेडमिस्ट्रेस होत्या."

"आमच्या वेळी नवी आलेली. डोळे उघडे ठेवून प्रार्थना म्हटली की बोटांवर पट्टी मारायची."

"तुम्ही पण...?" सरस्वतीने विचारलं.

आजी हसली नाही. पानाकडे बघत म्हणाली, "लग्न होऊन डिचोलीला आले, तर पहिल्याच जेवणाला माझा हात असाच गेला. सासूने समोरचं पान उचललं. सगळ्या जावांदेखत. उपाशी झोपले त्या दिवशी. मग सवय लावून घेतली. हात वर जायला लागला की पदर सारखा करायचा. सगळा जन्म पदरच सारखा करत आले बघ."

सरस्वतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मघापर्यंत जिची धास्ती होती, तिच्याबद्दलच आता माया वाटू लागली.

आजीने मान वर करून सुविधाकडे पाहिलं. "तुला येते ती प्रार्थना?"

"येते, आजी."

"मग उभी काय राहिलीस? पान घे, बस इथे. मला शेवटची ओळ आठवत नाही."

सुविधा बसली. आजीने हात कपाळाला नेला. मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना. तिघींनी प्रार्थना म्हटली, आजी एकेक शब्द मागून. सुदेश आणि प्रथमेश घास न घेता थांबले. करणार काय बिचारे.

मग आजीने भात कालवला. पहिला घास घेण्याआधी सुविधाला म्हणाली, "आमच्या घरी आलीस की उघड करायचं. कोणी काही बोललं, तर पान उचलायचं आणि माझ्या शेजारी येऊन बसायचं."