भिंगरी माझी एकटीची होती तेव्हा

हो, मीच बोलतेय. पलंगावरची निळी दुलई. आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने जळकी आहे. नंतर कुणी म्हणायला नको की आम्हाला फसवलं.

माझं असं का झालं, तेही ऐका. ज्या घरासाठी मला शिवलं, तिथे मी तीन वर्षं होते. मग त्यांनी मला लॉन्ड्रीत धुवायला टाकलं आणि न्यायला आलेच नाहीत. कोपऱ्यात नंबराची चिंधी टाचलेली, अशी मी फळीवर वर्षभर वाट बघत पडले होते. शेजारी कोट यायचे, शाली यायच्या आणि दोन दिवसांत आपापल्या घरी जायच्या. दार वाजलं की दर वेळी मला वाटायचं, आले! कोणी आलं नाही. शेवटी लॉन्ड्रीच्या मालकांनी मला वरच्या मजल्यावर आपल्या घरी नेलं आणि लेकीच्या पलंगावर अंथरलं. तेव्हाच मी ठरवलं, ही आता माझी.

पण ही लेक कसली, घरात तिला भिंगरीच म्हणायचे. तेरा वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. सकाळी मला लाथेने खाली ढकलायची आणि पळायची. तिचा सगळा जीव एका लाल जर्सीत. फुटबॉलच्या संघात होती ना! "आई, माझी जर्सी वाळली का?" हे दिवसातून चारदा. ती जर्सी रोज चिखलाने लडबडून यायची, रोज धुतली जायची, रोज तिचं कौतुक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. काय होतं त्या मेलीत? ना ऊब, ना मऊपणा.

मग एके दिवशी भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि भर दुपारी माझ्यात शिरली. मैदानावर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जर्सी खुंटीवर जी लटकली ती लटकलीच. मैत्रिणी खालून हाका मारायच्या, ती मला डोक्यावरून ओढून घ्यायची. मी किती खूश झाले म्हणून सांगू! उन्हाळा लागला, लोक पंख्याखाली घाम पुसत होते आणि ही मला सोडेना. मला वाटलं, अखेर हिला माझी किंमत कळली.

खोटं कशाला बोलू, काही गोष्टी मला तेव्हाही दिसत होत्या. ती झोपत नव्हती, नुसती पडून असायची. माझं टोक दातांत धरून रडायची, आवाज न करता. आईने आणलेलं ताट तसंच परत जायचं. आईने एकदा अभ्यासाचं विचारलं तर ती केवढ्याने खेकसली, आणि मग स्वतःच पुटपुटली, "मी कशालाच उपयोगाची नाही." हे सगळं मी ऐकलं आणि मूग गिळून बसले. ती माझ्याजवळ आहे ना, मग झालं!

आता बाबांचं ऐका. बाबा म्हणजे कपडे वाचणारा माणूस. शर्टाची कॉलर बघून सांगायचे, या गिऱ्हाइकाला झोप लागत नाहीये. बाहीचा डाग बघून ओळखायचे की घरात तान्हं बाळ आलंय. सगळी गल्ली त्यांना मानायची. पण घरात काय झालं? भिंगरीचे कपडे धुवायला येईनासे झाले. ना चिखल, ना घाम. तोच एक ढगळ सदरा ती पाच-पाच दिवस घालून पडलेली. आणि आयुष्यभर लोकांच्या डागांशी झगडलेल्या या माणसाला त्याचा आनंद झाला! गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "आमची पोरगी आता शहाणी झाली हो. कपडे म्हणून मळवत नाही." आईलाही वाटलं, वय वाढतंय, पोर शांत झाली. ती म्हणाली, "चला, एकदाची भिंगरी थांबली."

हे सगळं बिघडवलं ते खाली लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींनी. त्या काही निरोप घेऊन वर आल्या, दारातून भिंगरीकडे बघितलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग पलंगापाशी आल्या आणि माझं टोक हळूच वर केलं. मला असा राग आला! त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ तिच्याजवळ बसल्या. मग बाहेर जाऊन बाबांना धारेवर धरलं.

"भाऊ, या पोरीची जर्सी माझ्या हाताखाली येऊन किती दिवस झाले?"

"मळतच नाही तर कशी येईल?" बाबा हसून म्हणाले.

"अहो, मळत का नाही ते विचारा! तेरा वर्षांची पोर कपडे मळवत नाही, यात खूश काय व्हायचं? माझी भाची अशीच पडून असायची. आम्ही तिला आळशी म्हणत बसलो आणि वर्ष घालवलं. डॉक्टरांकडे न्या हिला. आजच फोन करा."

बाबांचं हसू गेलं. दोन महिन्यांचे दिवस ते बोटांवर मोजत राहिले आणि मग त्यांनी फोन उचलला.

भिंगरी जायला तयार होईना. "दुलई घेऊन आलं तर चालेल?" तिने विचारलं. आई म्हणाली, "चालेल गं बाळा, गादी म्हणालीस तरी नेऊ." मी काय मिरवले म्हणता! भर उन्हात तिच्या खांद्यावरून दवाखान्यात निघाले. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

पण तिथे बसल्या होत्या मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई. माझी खरी सवत! त्यांनी तिला ना टोमणा मारला, ना उपदेश केला. आईबाबांना थोडा वेळ बाहेर बसवलं. झोप, भूक, शाळा, सगळं विचारलं. मग सरळ विचारलं, "कधी जगणंच नको, असं वाटतं का?"

मला वाटलं, काय ही बाई! लेकराला असं विचारतात का? पण भिंगरीने माझं टोक मुठीत आवळलं आणि म्हणाली, "कधी कधी वाटतं." आणि मग ती बोलायला लागली. थांबेचना. दोन महिने माझ्या कुशीत होती, मला एक शब्द सांगितला नव्हता. या परक्या बाईला सगळं सांगितलं. मला जी कळ आली ती कशी सांगू? पहिल्यांदा जळण्याची. आणि मग भीतीची. म्हणजे माझ्या आत, माझ्या उबेत, ही पोर असले विचार करत पडली होती आणि मी खूश होते?

डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना आत बोलावलं. "हा आळस नाही आणि नाटकही नाही. आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. कधी कधी जगणं नकोसं वाटतं, हे तिने सांगितलं ते फार चांगलं झालं. असं विचारल्याने मुलांच्या मनात काही भरत नाही, उलट त्यांचं ओझं उतरतं. सध्या तिला एकटं ठेवू नका. घरातली औषधं, लॉन्ड्रीतली रसायनं कुलपात ठेवा. दर आठवड्याला आम्ही दोघी बोलू, गरज वाटली तर औषध देऊ. तसं काही वाटलं तर आठवड्याची वाट बघू नका, लगेच या. शाळेशीही बोलू या. वेळ लागेल."

घरी आल्यावर बाबा पलंगावर बसले. "मी तुला शहाणी म्हणत होतो गं," ते म्हणाले, "दिसत होतं आणि मला वाचता आलं नाही. चुकलो बाळा." भिंगरीने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

वेळ लागलाच. काही दिवस बरे, काही पुन्हा तसेच. आधी ती नुसती गच्चीपर्यंत जाऊ लागली, मग अर्धा दिवस शाळेत. मला रोज सकाळी घडी घालून पायथ्याशी ठेवायचे. मी जळत होते. गच्चीवर जळले, शाळेवर जळले, दर बुधवारी डॉक्टरीणबाईंवर तर विशेष जळले.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी भिंगरी आली, चेहरा उतरलेला. तिने माझी घडी मोडली आणि मला डोक्यावरून ओढून घेतलं. आली! माझी आली! पण खरं सांगते, या वेळी मला आनंद झाला नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं ऊठ, मला ढकल, कुणाला तरी हाक मार.

आणि माझ्या आतून तिचा आवाज आला. "बाबा, आज परत तसंच वाटतंय. जरा माझ्याजवळ येता?"

शेजारच्या खोलीतून बाबा हातातली इस्त्री ठेवून धावत आले.

तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणीतरी असेलच. एखादं लेकरू दिवसच्या दिवस तिच्याखाली पडून असेल, तर ते निवांत आहे असं समजू नका आणि तिच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. आम्हाला ऊब देता येते, विचारपूस करता येत नाही. तिचं टोक उचला, शेजारी बसा, विचारा. ती माझ्यासारखीच जळकी असेल तर तिला राग येईल. येऊ दे.