रिकामी बत्ती

फोटोवाल्याला त्याच्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "मान सगळ्यांना द्यायचा, फिल्म फक्त यजमानाला." रोल छत्तीस फोटोंचा आणि लग्नाला हौशी माणसं दोनशे. नाही म्हटलं की तोंडं वाकडी. मग कॅमेरा डोळ्याला लावायचा, 'हसा जरा' म्हणायचं आणि बत्तीच्या, म्हणजे फ्लॅशच्या, पाठीवरचं बारीक बटण दाबायचं. लख्ख उजेड पडायचा, माणूस खूश व्हायचा, आणि आतली फिल्म तसूभरही सरकलेली नसायची. धंद्यात याला रिकामी बत्ती म्हणत. पाप म्हणून कोणी तिच्याकडे बघत नसे.

आता स्टुडिओ मुलगा चालवत होता. कॉम्प्युटर, प्रिंटर, पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो. म्हाताऱ्याचे तीन कॅमेरे काचेच्या कपाटात शोभेला होते. हल्लीची पोरं त्यांच्यापुढे उभी राहून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत. "मेलेल्या वाघाबरोबर काढतात तसे," म्हातारा म्हणे. मुलाने दारावर पाटी लावली होती : जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून मिळतील.

ती पाटी वाचूनच पुतणी आली. तिचे वडील, म्हणजे फोटोवाल्याचा थोरला भाऊ, जाऊन महिना झाला होता. ट्रकवर ड्रायव्हर, निम्मं आयुष्य रस्त्यावर गेलं. बापलेकीचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता.

"पण एक आहे," ती म्हणाली. "शेजारच्यांच्या लग्नातला. मी पाच वर्षांची होते. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, काढ रे आमचा. काका, तुम्ही काढलात. माझे डोळे दिपले होते, अजून आठवतं."

म्हाताऱ्यालाही आठवत होतं. तेव्हा रोलमध्ये चारच फोटो उरले होते आणि नवरानवरी निघायची होती. शिवाय दादा घरचा माणूस; त्याचा काय, कधीही काढू. ते 'कधीही' काही उजाडलं नाही. दादा मात्र भेटला की विचारायचा, आणि हा सांगायचा, शोधतोय.

"मग असणारच," मुलगा म्हणाला. "बाबांच्या कपाटातून निगेटिव्ह हरवत नसते. आई म्हणायची, यांची बायको हरवली तर संध्याकाळी कळेल, निगेटिव्ह हरवली तर लगेच."

"त्या वर्षी छत गळलं होतं," म्हातारा पुटपुटला. "काही पाकिटं भिजली."

पण मुलाने पाकीट शोधलंसुद्धा. वर म्हाताऱ्याच्याच अक्षरात लग्नाची तारीख आणि 'रोल एकच'. आत सहा पट्ट्या, कोरड्या ठणठणीत. पुतणी एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बघू लागली. सगळ्या बघून झाल्या, तशी पुन्हा पहिलीपासून बघितली.

"हे कडेचे आकडे कसले?"

"फोटोचे नंबर," मुलगा म्हणाला. "फिल्म कारखान्यातूनच तशी छापून येते."

तिने पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि आकड्यांवर बोट ठेवत गेली. "एक ते छत्तीस. सगळे आहेत, काका. भिजलेलं काही नाही, गळलेलं काही नाही. मग आम्ही दोघं कुठे गेलो?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सांगून टाकलं. सांगायला दोन वाक्यं पुरली. मुलगा प्रिंटरकडे बघत राहिला.

"आई चिडायची," पुतणी म्हणाली. "म्हणायची, धाकट्याने हरवला असेल तुमचा फोटो. बाबा तुमची बाजू घ्यायचे. माझा भाऊ वस्तू हरवणारा नाही, वेळ मिळाला की देईल."

"चुकलो, पोरी."

"छत्तिसातला एकच हवा होता, काका."

मुलाने घसा खाकरला. "ताई, मोठ्या काकांचा लायसन्सवरचा फोटो आहे ना? आणि तुझा शाळेतला? दहा मिनिटांत जोडून देतो. बाकीचं कॉम्प्युटर स्वतःच काढतो."

आता ही उठून जाईल, असं म्हाताऱ्याला वाटलं. खरं तर तिने जावं असंच त्याला वाटत होतं. तिने मोबाइल उघडला आणि दोन्ही फोटो मुलाला पाठवले.

फोटो तयार झाला. दादा हसत होता, खांद्यावर पोर, मागे लग्नाचा हॉल. म्हाताऱ्याने जन्मभर काढलेल्या फोटोंत इतका नितळ एकही नव्हता.

"आई फार थकली आहे," निघताना ती म्हणाली. "तिला सांगणार आहे, काकांना सापडला. ती फोन करेल. तुम्ही हो म्हणा. एवढं तरी करा."

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"भावजी, सापडला म्हणायचा एकदाचा. ह्यांच्यापाशी मी तुम्हाला नको नको ते बोलले हो. मनात ठेवू नका."

"नाही वहिनी."

"तुमच्या हाताला तोड नाही. हल्लीच्या मोबाइलला असं जमायचं नाही."

म्हाताऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू? ह्यांनी शर्टाचं गळ्याचं बटण जन्मात लावलं नाही. गुदमरतो म्हणायचे. आमच्या लग्नातसुद्धा नाही लावलं. ह्यात लावलंय. तुम्ही लावायला लावलंत?"

समोर मुलगा एका गिऱ्हाइकाला हनुवटी जरा वर करायला सांगत होता.

"हो वहिनी," म्हातारा म्हणाला. "मीच म्हटलं, लाव दादा, फोटोत बरं दिसतं."

"आणि ऐकलं त्यांनी?"

"माझं ऐकायचा तो."